स्वच्छ पाण्यावरचा बोल

मुंबई, १२ जानेवारी

तानीबाय,

फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पुष्पलताताईंच्या पत्त्यावर टाकते आहे. त्या तुमच्या पाड्याच्या आशा सेविका, सूर्यमाळचा चढ चढून तुझ्या दारापर्यंत पत्र आणणारं दुसरं आहे कोण? वाचून दाखवू नका, नुसतं हातात द्या, असं मी त्यांना सांगितलं आहे. आश्रमशाळेत तुझं वाचन माझ्यापेक्षा खणखणीत होतं. सातवीत शाळा सुटली म्हणून ते कुठे जात नाही.

आई म्हणते तू बरी आहेस. बा म्हणतात तुळशी पालथी पडते, हसते, दूध भरपूर पिते. तिच्या दादाबद्दल, सोन्याबद्दल, मात्र दोघं काही बोलत नाहीत. विचारलं की आई म्हणते, "बरा हाये, काय व्हायचंय त्याला." म्हणून मी पुष्पलताताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, दवाखान्यातून आणलेल्या त्याच्या गोळ्या पिशवीत घालून आढ्याला बांधून ठेवल्या आहेत. तुळशीचं नाव ठेवल्यापासून त्याला एकही दिलेली नाही.

तो दिवस मला नीट आठवतो. गणपतीची सुट्टी होती म्हणून मी आले होते. आदल्या दिवशी शाळेच्या मैदानावर रक्ततपासणीचं शिबीर होतं. तपासणारा मुलगा म्हणाला, एवढ्या लहान बाळाची तपासणी करत नाहीत. तू हटून बसलीस. भावजी म्हणाले, "एका थेंबानं तुमचं काय जातंय?" मग त्याने तुळशीच्या टाचेतून थेंब घेतला, नळीतल्या औषधात सोडला, आणि पाणी स्वच्छ राहिलं. सोन्याच्या वेळी ते गढूळ झालं होतं, नळीमागे धरलेल्या कागदावरची रेघ दिसेनाशी झाली होती. तुळशीच्या नळीमागची रेघ तू मला बोटाने दाखवलीस.

दुसऱ्या दिवशी नाव ठेवताना मी एवढंच म्हटलं की सहा महिन्यांनी पुन्हा तपासू, आत्ताचं खरं धरू नका. तुला वाटलं मी मुद्दाम चारचौघांत बोलले. मला संध्याकाळच्या गाडीने निघायचं होतं, नंतर बोलायला वेळ नव्हता. तू तुळशीला माझ्या मांडीवरून उचललंस आणि म्हणालीस, "शिकलेल्या माणसाला आनंद बी तपासून घ्यावा लागतो." सगळे हसले. मीही हसले.

तुळशीचं राहू दे. सोन्याच्या गोळ्या सुरू कर. त्याला सिकलसेल आहे. त्याच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात, म्हणून त्याची हाडं ठणकतात. हे तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. त्याला मांडीवर घेऊन तू बसली आहेस, मी नाही.

तुझी प्रगती


मुंबई, ४ फेब्रुवारी

तानीबाय,

तुझं उत्तर मिळालं. पुष्पलताताईंनी टेकडीवर रेंजमध्ये येऊन फोन केला आणि तू सांगितलंस ते जसंच्या तसं ऐकवलं. तुझा आवाजसुद्धा काढला. "तिला सांग, माझ्या पोरीचं पाणी स्वच्छ होतं. माझ्या बहिणीनं मुंबईला जाऊन पाणी गढूळ करायचं शिक्षण घेतलं."

मी म्हटलं, "अजून काही?"

त्या म्हणाल्या, "अजून एक इचारलंय. म्हणे, तुझ्या पुस्तकात बाळाचं रक्त चांगलं असतं असं लिवलंय ना, मग अंग ते बंद कशाला करतं? अंगाला अक्कल नाय?"

तानीबाय, आमच्या प्रयोगशाळेतले सगळे लोक याच प्रश्नावर काम करतात. मी सरांना तुझा प्रश्न सांगितला तर ते म्हणाले, हिला इकडे घेऊन या. मी म्हटलं, ती तुम्हाला कामाला लावेल.

उत्तर लिहिते. तू दोन हंगाम वीटभट्टीवर काढले आहेस, तुला हे माझ्या वर्गातल्या मुलींपेक्षा लवकर कळेल.

लाल पेशी हाडांच्या आत तयार होतात. सुरुवातीला तिथे एक साधी पेशी असते, तिने काय व्हायचं ते ठरलेलं नसतं. ते ठरवणारे काही पदार्थ पेशीच्या आतच असतात. त्यांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. मी मनात त्यांना मुकादम म्हणते. मुकादम स्वतः एक वीट पाडत नाही. कुठला साचा काढायचा, कुठला ठेवून द्यायचा, एवढंच सांगतो. पण भट्टी चालते ती त्याच्या सांगण्यावर. गाटा-वन नावाचा एक मुकादम आहे. तो पेशीला सांगतो, तू लाल व्हायचंस, बाकी सगळं सोड. मग पेशी स्वतःत लाल रंग भरत जाते, लहान होत जाते, आणि शेवटी स्वतःचं केंद्रसुद्धा बाहेर टाकते, म्हणजे मऊ होऊन बारीक नसेतून वाकून जाता येतं. हे मी भिंगाखाली रोज बघते. ज्या पेशी मी वाढवते त्या माझ्याच रक्तातल्या आहेत.

लाल रंग पाडायला दोन साचे असतात. एक बाळाचा, एक मोठ्यांचा. पोटातल्या बाळाला हवा आईच्या रक्तातूनच ओढून घ्यावी लागते, म्हणून बाळाच्या साच्यातलं रक्त हवा घट्ट धरतं. जन्मल्यावर बाळ स्वतः श्वास घेतं, तेव्हा एक दुसरा मुकादम तो साचा हळूहळू बाजूला ठेवायला लावतो आणि मोठ्यांचा पुढे करतो. त्याचं नाव बी-सी-एल-इलेव्हन-ए. नाव वाईट आहे, मला माफ कर. या बदलाला पाच-सहा महिने, कधी त्याहून जास्त लागतात.

आपल्या घरचा दोष मोठ्यांच्या साच्यात आहे. बाळाच्या साच्यात काही दोष नाही. पण मुकादमाला ते कळत नाही. तो सगळ्या घरांत एकच हुकूम सोडतो. अंगाला अक्कल आहे, बाय. फक्त तुझ्या घरचा साचा चिरलेला आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

शिबिरात तुळशीच्या टाचेतून जो थेंब निघाला तो जवळजवळ सगळा बाळाच्या साच्यातला होता. तो गढूळ होऊच शकत नव्हता. तान्हेपणी सोन्याचा थेंब कुणी पाहिला असता तर त्याचंही पाणी स्वच्छच राहिलं असतं.

आणि सोन्याची गोळी तो बाजूला ठेवलेला साचा थोडासा परत काढायला लावते. नक्की कशी, ते अजून पूर्ण कळलेलं नाही, खोटं कशाला सांगू. पण काढायला लावते. परदेशात त्या मुकादमालाच थोपवायचा उपचार सुरू झाला आहे. तो आपल्याकडे कधी येईल माहीत नाही. गोळी मात्र तुझ्या आढ्याला बांधलेली आहे.

तुझी प्रगती


जामसर, २० फेब्रुवारी

तानीबाय,

हे आईच्या घरी बसून लिहिते आहे. सरांना सांगितलं घरी पूजा आहे, म्हणून रजा मिळाली. काल तुझ्याकडे आले आणि जे बोलायचं ते राहूनच गेलं.

सोन्या पडवीत पाय दुमडून पडला होता. मला बघून म्हणाला, "मावशी, माझा पाय भांडतोय." तू त्याच्या नडगीला तेल चोळत होतीस आणि मान वर केली नाहीस. मी पाणी मागितलं नाही. तुमच्याकडे आता तांब्याभर पाणी मागताना माणूस विचार करतो. मग तूच हंडा उचललास आणि म्हणालीस, "चल, आलीस तं वाहून तरी दे." विहीर तळाला गेलेली, म्हणून आपण खालच्या झऱ्यावर गेलो. तिथे वाटीने हंडा भरत बसलो तेव्हा तू पहिल्यांदा सांगितलंस.

मला आत्तापर्यंत वाटत होतं की गोरख भगताने गोळ्या बंद करायला लावल्या. मी वाटेत त्यांच्यावर काय काय बोलायचं ते पाठ करून आले होते. तू म्हणालीस, "गोरखकाका काय बोलला नाय. मी बोलले. तुळशी पोटात व्हती तवाच हिमाय देवीला बोलले, हिचं पाणी स्वच्छ निघू दे, मी सोन्याची गोळी सोडीन. त्याला बी तुझ्यावर सोपवीन."

मी विचारलं, "दुसरं काही सोडायचंस. मासे सोडायचेस."

"मासे सोडून देव ऐकतो व्हय? ज्याची भीती वाटते ते सोडायचं असतं."

मग वाटी खाली ठेवून म्हणालीस, "आता गोळी दिली तं बोल मोडला. बोल मोडला तं तुळशीवर येल. एकाला देऊ आन एकीचं घेऊ? तू सांग, तू शिकलेली हायेस."

पाच वर्षं मी हे रक्त शिकते आहे आणि बोलाचा विचार मी एकदाही केला नव्हता. मला वाटलं होतं तुला समजलं नाही, म्हणून मी नीट समजावत होते. तुला सगळं समजत होतं. तू दोन पोरांच्या मध्ये उभी होतीस.

हंडा डोक्यावर घेताना तू एक वाक्य बोललीस, माझ्याकडे न बघता. "सोन्याचे हात सुजले ते बसायला लागल्यावर. त्याच्या आदी पोर लोण्याचा गोळा व्हता." तान्हेपणी सोन्याही बराच दिसत होता, हे तू स्वतःच आठवलंस. तू पुढे चालत राहिलीस.

गोरखकाका मला उतारापर्यंत सोडायला आले, ते तुला माहीत नसेल. मी पाठ केलेलं काही बोलले नाही. त्यांना फक्त विचारलं, बोल सोडवता येतो का. ते म्हणाले, "मी दाणे बघून दुखणं सांगतो, बाय. बोल ज्याचा त्याचा. तिनं पाण्यावर बोल केला, मी काय मधी नव्हतो." थोडं चालून पुन्हा म्हणाले, "पोराला दुखतंय ते मना बी ऐकू येतं. माझं घर लांब नाय."

बोल मोड असं मी तुला सांगणार नाही. एवढंच सांगते. तू पाण्यावर बोललीस, आणि तेव्हा ते पाणी खरं सांगू शकत नव्हतं. आता तुळशी सहा महिन्यांची झाली. आता ते खरं सांगेल. स्वच्छ निघालं तर तुझा बोल खरा, मी पुन्हा गोळीचं नाव काढणार नाही, असं लिहावंसं वाटतं, पण ते खोटं होईल. मी नाव काढेनच. सोन्या माझाही आहे.

होळीला भावजी भट्टीवरून येतील आणि परत जाताना तुम्हा सगळ्यांना घेऊन जातील असं आई म्हणते. भट्टीच्या उन्हात, गोळीशिवाय, सोन्याला नेऊ नकोस. त्याला पाणी कमी पडू देऊ नकोस. झऱ्यावर बसून आल्यावर हे लिहिणं किती सोपं आहे ते मला कळतं.

प्रगती


मुंबई, १० मार्च

तानीबाय,

पुष्पलताताईंचा फोन आला तेव्हा मी पेशींना खाऊ घालत होते. त्या म्हणाल्या, "तानी शनवारी जव्हारला दोन्ही पोरं घेऊन चाललीये. तुला सांगायला सांगितलंय. यायचं तं ये, नाय आलीस तरी ती जाणार हाये." मग मी कशी न येईन?

शनिवारी दवाखान्याच्या बाकावर आपण बसलो होतो तेव्हा मी खूप बोलत होते, कारण मला भीती वाटत होती. तू म्हणालीस, "जरा गप बस, पोर झोपलंय." तुला विचारायचं होतं की होळीपर्यंत भावजींची वाट का नाही पाहिलीस. विचारलं नाही. ते असते तर निर्णय दोघांचा झाला असता, आणि बोल तुझा एकटीचा होता. असं मला वाटतं. चुकत असेन तर सांग.

तपासणाऱ्या बाईंनी तुळशीचं बोट टोचलं तेव्हा ती रडली नाही, त्यांच्या बांगड्यांकडे बघत राहिली. तू नळीकडे पाठ केलीस. बाईंना म्हणालीस, "गढूळ झालं तं मला सांगू नका. त्याला गोळी द्या."

त्यांना कळेना. "कुणाला?"

तू सोन्याकडे बोट केलंस.

मी नळीकडे बघत होते. मागच्या कागदावरच्या रेघा आधी पुसट झाल्या, मग दिसेनाशा झाल्या. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी तुझं ऐकलं. त्यांनी फक्त सोन्याला म्हटलं, "चल रे, डॉक्टरांकडे जाऊ." आणि तू भिंतीकडे तोंड करून तुळशीचं टोपरं काढून पुन्हा बांधलंस.

डॉक्टरांनी सोन्याचं रक्त तपासलं, त्याला उलटा-पालथा करून तपासलं, आणि गोळीची मात्रा नव्याने लिहून दिली.

परत येताना तू मला एकदाच विचारलंस. मी म्हटलं, नुसतं गढूळ होणं म्हणजे आजारच असं नाही. मोठ्यांचा साचा एक आईकडून येतो, एक बापाकडून; त्यातला एकच चिरलेला असला तरी गढूळ होतं. अर्धी आहे की पूर्ण, ते मशीन सांगेल, रक्त पुढे पाठवलं आहे.

"अर्धी म्हंजी कशी?"

"अर्धी म्हणजे तुझ्यासारखी, माझ्यासारखी, भावजींसारखी. अशांना काही होत नाही."

तू तुळशीला नीट मांडीवर घेतलंस. मग म्हणालीस, "माझ्यासारखी निघू दे. तुझ्यासारखी निघाली तं लय बोलंल."

सप्टेंबरनंतर तू मला पहिल्यांदा चिडवलंस. मी जामसरला उतरले आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून गाडी वळेपर्यंत बघत होते.

प्रगती


मुंबई, ३० मार्च

तानीबाय,

मशीनचं उत्तर तुला माझ्या आधी कळलं. बरं झालं. डॉक्टरांनी तुला समोर बसवून सांगितलं, ते पत्रातून कळण्यापेक्षा चांगलं.

तुळशी पूर्ण आहे. सोन्यासारखीच.

मी बरोबर होते, असं मला इथे एकाने म्हटलं. मी त्याच्याशी त्या दिवशी बोलले नाही. गेले सहा महिने मी चूक ठरावी म्हणून मी किती वेळा तेच तेच वाचलं, ते तुला कुठून माहीत असणार.

पण त्या उत्तरात आणखी एक आकडा होता, तो डॉक्टरांनी तुला घाईत सांगितला असेल. तुळशीच्या रक्तात अजून तिसऱ्या हिश्शाहून जास्त बाळाचं रक्त आहे. त्या मुकादमाने साचा अजून पुरता बाजूला ठेवलेला नाही. सोन्याच्या वेळी आपल्याला कळलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं, हात सुजले होते, रक्त चढवलं होतं. तुळशीचं आधी कळलं. आता जंतूंपासून सांभाळायला डॉक्टरांनी दिलेलं गोड औषध रोज सकाळ-संध्याकाळ द्यायचं, आणि ती नऊ महिन्यांची झाली की तिलाही सोन्याचीच गोळी सुरू करायची, डॉक्टरांनी रक्त पाहून मात्रा सांगितल्यावरच. ताप आला तर पुष्पलताताईंची वाट बघायची नाही, गाडी मिळेल ती धरायची. बाकी तिला रांगू दे, पडू दे, माती खाऊ दे.

भावजी भट्टीवर एकटेच गेले, असं आई म्हणाली. त्यांचा निरोपही पोचला. "प्रगतीला सांगा, मी इतकी वर्सं भट्टीवर मरतोय, मला कोणी मुकादम केला नाय. आन तिनं रक्तातल्याला केला." त्यांना सांग, रक्तातल्या मुकादमालाही मी बदलायला निघाले आहे, त्यांनी घाई करू नये.

सगळ्यात शेवटी ते लिहिते ज्यासाठी खरं तर पत्र लिहायला बसले. काल सोन्याने पुष्पलताताईंच्या फोनवरून मला फोन केला. पाय आता भांडत नाही म्हणाला, कधीकधी कुरकुर करतो. मग त्याने सांगितलं, जव्हारहून आलात त्याच संध्याकाळी तू आढ्याची पिशवी सोडलीस. जुन्या गोळ्या बाजूला ठेवल्यास आणि नव्यातली एक त्याच्या हातावर ठेवलीस. तो म्हणाला, "मी आयसला इचारलं, देव रागावंल का? आयस म्हणाली, देवाला मी सांगितलंय. तू गीळ."

मी त्याला विचारलं, काय सांगितलं? त्याला माहीत नव्हतं.

तू हिमायला काय सांगितलंस, बाय? मला सांगायचं नसेल तर नको सांगूस.

तुझी
प्रगती